ताणावर सोडलेली बोगनवेल

आज अकरावा दिवस. गिऱ्हाइकांच्या ब्लाउजांच्या तारखा ज्या कॅलेंडरवर लिहिते, त्याच चौकोनांत पेन्सिलीने रोज एक रेघ ओढत आलेय. अकरा दिवसांत माझ्या बोगनवेलीच्या बोन्सायला तीनदा पाणी मिळालंय, तेही दरवेळी अर्धा तांब्या. सकाळी गच्चीवर गेले तेव्हा शेंड्याकडची पानं खाली वळली होती, पण खोडाजवळची अजून ताठ होती. म्हणून आज पाणी नाही. उद्या बघू.

'ताण' हा शब्द माझ्या माहेरचा. माहेर आटपाडीचं, दादाची डाळिंबाची बाग. "बाग ताणावर सोडलीय", "औंदा हस्त धरायचा" हे लहानपणापासून कानावर पडत आलेलं. डाळिंबाला वर्षात तीन बहार येऊ शकतात, मृग, हस्त आणि आंबे. शेतकरी त्यातला एकच धरतो. त्यासाठी आधी पाणी तोडायचं, पानं पिवळी पडून गळेपर्यंत थांबायचं, हलकी छाटणी करायची आणि मग खत घालून पाणी सोडायचं. झाड कळ्यांनी भरून जातं. हलक्या जमिनीत महिनाभराच्या ताणावर भागतं, भारी काळ्या जमिनीत दोन महिनेही लागतात. हे सगळं मला तोंडपाठ होतं. पण सांगलीत, गावभागातल्या घराच्या गच्चीवर, ताटाएवढ्या कुंडीतल्या नऊ इंची झाडासाठी नेमकं हेच लागणार आहे, हे कळायला मला चार वर्षं गेली.

ही बोगनवेल मूळची आमच्या फाटकावरची. आईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, लावलेली. मी लग्न होऊन आले तेव्हा ती कमानीवर चढली होती. नव्या बायका ब्लाउज शिवायला यायच्या तेव्हा आम्ही पत्ता असाच सांगायचो, "राणी कलरच्या वेलीचं घर." उन्हाळ्यात अंगणभर तिचा कागदी पाचोळा व्हायचा आणि आई तो रोज झाडायच्या. कुरकुर करायच्या, पण वेल तोडू द्यायच्या नाहीत.

ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचं पाणी आलं. आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट, आणि त्या वर्षी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. आम्ही विश्रामबागेत नणंदेकडे होतो. परत आलो तेव्हा खिडकीच्या गजांपर्यंत चिखल, माझी दोन्ही मशीन गाळात, आणि फाटकाची भिंत आडवी. भिंतीखाली वेल. पानं काळी पडून चिकटलेली, वासही येत होता. भिंतीचं काम करायला आलेल्या गवंड्याने कुऱ्हाड उचलली, तेवढ्यात आई पायरी उतरून आल्या. काही न बोलता त्यांनी बुंध्याजवळ वाकून अंगठ्याच्या नखाने साल खरवडली. एका बाजूला तपकिरी, भुसभुशीत. दुसऱ्या बाजूला खरवडलं तर सालीखाली हिरवी रेघ.

"हिरवं आहे गं," त्या म्हणाल्या.

त्या घाणीत, आठ दिवसांनी दिसलेला तो पहिला हिरवा रंग. नखाएवढा.

फाटकाशी ती परत लावता येणार नव्हती, भिंत मागे सरकवायची होती. मी कधी काळी पुण्याला एम्प्रेस गार्डनमधलं जानेवारीतलं पुष्पप्रदर्शन पाहिलं होतं आणि तिथे एका उथळ ताटात फुललेली बोगनवेल बघून बराच वेळ उभी राहिले होते. तेच आठवलं. गवंड्याला म्हटलं, कुऱ्हाड नको, करवत आणा. बुंध्यापासून वीतभर ठेवून वरचं सगळं कापलं. खालची जाड मुळंही कापली. ऐकायला भयंकर वाटतं, पण बोगनवेलीचा जाड बुंधा एवढं सोसतो, त्यातून नवीन डोळे फुटतात. फक्त दोन गोष्टी सांभाळायच्या. एक, नुसती जाड वाळू आणि विटांचा चुरा, त्यात खत अजिबात नाही. दुसरी, बुंधा हलता कामा नये. तिची नवी मुळं दोऱ्यासारखी बारीक आणि कडकडीत असतात, बुंधा जरा डुगडुगला की तुटतात. मी सुतळीने कुंडीला चारी बाजूंनी बांधून टाकला, गोणपाटाची सावली केली, आणि रोज हात न लावता नुसती बघत राहिले. दसरा झाला आणि सालीतून लालसर टाचणीच्या डोक्याएवढे तीन ठिपके वर आले.

त्यानंतरची चूक माझीच. झाड जगलंय म्हटल्यावर मी त्याला पडवीत, मशीनशेजारी आणून ठेवलं. बोन्साय म्हणजे घरात ठेवायची शोभेची वस्तू, असं डोक्यात होतं. २०२० चं अख्खं वर्ष मी मास्क शिवत बसले होते आणि ते माझ्या शेजारी लांबच लांब, फिकट फांद्या फेकत होतं. फूल एक नाही. बोगनवेलीला निदान पाच-सहा तास थेट ऊन हवं. पडवीतला उजेड आपल्याला लख्ख वाटतो, तिला तो पुरत नाही. ज्यांना घरात बोन्साय हवं असेल त्यांनी दुसरं झाड निवडावं, हिचा हट्ट धरू नये. ही बाहेरची आहे. ऊन, वारा, पाऊस अंगावर घेणारी. गच्चीवर नेल्यावर पंधरा दिवसांत पानांचा रंग बदलला, दोन पानांमधलं अंतर कमी झालं, फांद्या जाड व्हायला लागल्या.

२०२१ च्या जुलैत पुन्हा पूर आला. सामान वर चढवताना हे म्हणाले, "झाडाची काळजी नाही, ते आधीच गच्चीवर आहे." आठवड्याने आलो तेव्हा घर पुन्हा चिखलात आणि वर ते हिरवंगार, डेरेदार. मला खरं सांगायचं तर त्या दिवशी त्याच्याकडे बघून रडू आलं.

त्याच पावसाळ्यात मी त्याची एक फांदी मोडली. आकार द्यायला ॲल्युमिनियमची तार गुंडाळून फांदी वाकवत होते. कापडाची पट्टी वळवावी तशी वळेल असं वाटलं आणि काडकन आवाज झाला. बोगनवेलीची फांदी हिरवट आणि लवचिक असते तेव्हाच वळते. एकदा तिचं लाकूड झालं की ती खडूसारखी तुटते. आता मी फांदी बॉलपेनच्या रिफिलएवढी असतानाच तार घालते आणि दर चार दिवसांनी बघते, कारण ती भराभर जाड होते आणि तार सालीत रुतते. रुतलेल्या तारेचा वळ वर्षानुवर्षं जात नाही. माझ्या झाडावर तसा एक आहे, डाव्या फांदीवर, घट्ट इलॅस्टिकचा दंडावर उमटतो तसा.

पुरात मेलेल्या बाजूचं लाकूड मात्र आतून कुजत चाललं होतं. हिचं लाकूड मऊ असतं, मोठा काप लवकर भरून येत नाही आणि त्यातून पाणी आत शिरलं की बुंधा पोकळ होतो. दादाला फोन केला. तो म्हणाला, "अगं, बोर्डो पेस्ट लाव की, आम्ही छाटणीनंतर खोडाला लावतो तीच." मोरचूद शंभर ग्रॅम, कळीचा चुना शंभर ग्रॅम, पाणी एक लिटर. दोन्ही वेगवेगळं भिजवायचं, प्लास्टिकच्या भांड्यात, लोखंडाच्या नाही, आणि मग एकत्र करायचं. मी आधी पटाशीने कुजकं सगळं खरवडून टणक लाकूड लागेपर्यंत कोरलं, उन्हात वाळू दिलं आणि वर ती निळसर पेस्ट फासली. आता तिथे एक खोलगट, करड्या रंगाची खोबण आहे. अंगठा बरोबर बसतो तिच्यात. एकोणीसच्या पुराची ती खूण मला झाकावीशी वाटली नाही.

२०२२ च्या जूनमध्ये, मृगाचा पहिला पाऊस पडून गेल्यावर, मी ते कुंडीतून काढून ताटात लावलं. 'बोन्साय' या जपानी शब्दाचा अर्थही तोच, उथळ भांड्यातली लागवड. ताट दीड फूट लांब आणि खोली जेमतेम तीन इंच. विटांचा चुरा मी गव्हाच्या चाळणीने चाळला, मग पिठाच्या चाळणीने. वरचे मोठे तुकडे काढले, खालची भुकटीही फेकली, मधला ज्वारीपासून हरभऱ्याएवढा दाणा ठेवला. असा चुरा तीन भाग, जाड वाळू एक भाग, चाळलेलं गांडूळखत एक भाग. भुकटी राहिली तर ती पावसात खाली बसून ताटाचा चिखल करते, आणि चिखल काय करतो हे या झाडाला नव्याने शिकवायची गरज नव्हती. भोकांवर मच्छरदाणीची प्लास्टिक जाळी टाकली, त्यातून तार वर घेऊन बुंधा बांधला. मुळं एक-तृतीयांश कापली, पण पिंजली नाहीत.

पावसाळाभर पानंच पानं. ते तसंच असतं, पावसाळ्यात ही वेल वाढते. मी ताटाच्या एका कडेखाली विटेचा तुकडा सरकवते, म्हणजे पाणी साचत नाही. पिठ्या ढेकूण दिसला की जुन्या टूथब्रशने साबणपाण्यात घासून काढते आणि कडुनिंबाचं तेल फवारते. याहून जास्त काही करावं लागत नाही.

फुलांचं मात्र वेगळं. त्या हिवाळ्यात मी वाट बघत बसले. खत घालत होते, पाणी घालत होते, आणि मिळत काय होतं? काटे. चांगले इंच-इंच लांब काटे. तेव्हा भाचीने, ती वनस्पतीशास्त्र शिकते, मला एक गोष्ट दाखवली. पान जिथे फांदीला चिकटतं त्या बेचक्यातून काटा निघतो. फुलाचा दांडा निघतो तोही त्याच जागेतून. जागा एक, कोंब एक. खाऊन-पिऊन सुखी असलेली वेल त्याचा काटा करते. दिवस लहान असले आणि पाण्याची ओढ बसली की त्याच कोंबाचं फूल होतं. मी चष्मा लावून एकेक बेचकं बघितलं. खरंच तसं होतं. मी सगळा हिवाळा खत-पाणी देऊन काटे पिकवत होते.

आणि मग दादाचे शब्द आठवले. बहार धरायचा तर ताण द्यावा लागतो.

जानेवारी २०२३ मध्ये मी पहिल्यांदा ताण दिला. दिला असं मला वाटत होतं. तिसऱ्या दिवशी पानं टवटवीत, सहाव्या दिवशी टवटवीत, नवव्या दिवशीही तेच. एका पहाटे लवकर उठले तर आई गच्चीच्या जिन्यावरून हळूहळू उतरत होत्या, हातात रिकामं पातेलं. तांदूळ धुतलेलं पाणी रोज तिला घालत होत्या.

"माझ्या वेलीला तू उपाशी ठेवतेस," त्या म्हणाल्या. "पुरातून वाचली ती यासाठी?"

मला उत्तर देता आलं नाही. त्यांना एक्याऐंशीवं चालू होतं, अंधारात जिना चढून जात होत्या. आणि त्यांचं म्हणणं मला पटतही होतं. मीच रोज त्या वळलेल्या पानांकडे बघून हात मागे घेत होते. लोक म्हणतात बोन्साय करणं म्हणजे झाडाचे हाल. मला तसं वाटत नाही. तासगावच्या द्राक्षबागेत एप्रिलला खरड छाटणी होते, ऑक्टोबरला फळछाटणी होते, त्या वेलीला कुणी बिचारी म्हणत नाही. पण ताणाच्या दिवसांत माझा जीवही खालीवर होतो, हे खरं.

त्या वर्षी फूल आलं नाही. मग एप्रिलमध्ये मी इरेला पेटले आणि दादाच्या हिशोबाने पाणी पूर्ण तोडलं. तीन दिवस. सांगलीचं एप्रिलचं ऊन, तीन इंच माती. चौथ्या दिवशी सगळी पानं कुरकुरीत होऊन ताटात पडली होती आणि उजवीकडची फांदी शेंड्यापासून अर्ध्यापर्यंत मेली. दादाला रडतच फोन केला. तो बराच वेळ ऐकत राहिला, मग म्हणाला, "माझ्या झाडाची मुळं कुठवर गेलीयत आणि तुझ्या ताटात माती केवढी! महिने मोजू नकोस बाय. पान बघ."

पान बघ. तेव्हापासून मी तेच करते. डिसेंबर-जानेवारीत ताण, उन्हाळ्यात कधीच नाही, उन्हाळ्यात तर सकाळ-संध्याकाळ दोन वेळा पाणी. ताण म्हणजे पाणी बंद नाही. पान स्टार्च गेलेल्या कॉटनसारखं मऊ पडून खाली लोंबेपर्यंत थांबायचं. शेंड्याची पानं आधी वळतात, ती फसवी, दुपारच्या उन्हातही वळतात आणि संध्याकाळी सावरतात. सकाळी सातला, रात्रभराची थंडी मिळूनही खोडाजवळची पानं लोंबलेली दिसली, की अर्धा तांब्या पाणी, सावकाश, गोल फिरवून. आणि पुन्हा थांबायचं. असं तीन आठवडे, कधी चार. ताण सुरू करण्याआधी लांब फांद्या दोन-तीन पानं ठेवून छाटायच्या, कारण फुलं नव्या फुटीवर येतात. एकदा बेचक्यात कळी दिसली की कात्री बंद. मग पाणी नेहमीसारखं, आणि दादाने पुडीत बांधून दिलेलं ०:५२:३४, म्हणजे नत्र नसलेलं स्फुरद-पालाशाचं खत, लिटरला एक ग्रॅम, पंधरवड्यातून एकदा. नत्राचं खत या दिवसांत नाही, त्याने पुन्हा पानं आणि काटे.

फेब्रुवारी २०२४ मध्ये ती फुलली. साडेचार वर्षांनी. तोच राणी कलर, एक छटाही इकडेतिकडे नाही.

त्या दिवशी मी काम बाजूला ठेवून एक झुपका हातात धरून बघितला. ज्याला आपण फूल म्हणतो ते फूल नाहीच. ती रंगीत पानं, तीन-तीनच्या जुडीने. प्रत्येकाच्या मधल्या शिरेला आतून एक बारीक नळी शिवल्यासारखी चिकटलेली असते, अर्ध्या करंगळीएवढी, आणि तिच्या तोंडाशी दुधी रंगाची चांदणी. फूल म्हणजे ती चांदणी. रंगीत पान उन्हासमोर धरलं की टिश्यूच्या कापडासारखं आरपार दिसतं, शिरांची वीण मोजता येते. भाची म्हणाली, गुलबक्षी आणि पुनर्नवा एकाच कुळातल्या, आणि ही बोगनवेलही त्याच कुळातली. गुलबक्षीची नळी आठवली आणि लगेच पटलं.

तिनेच मला झान बारे या बाईंबद्दल सांगितलं. ही वेल मूळ दक्षिण अमेरिकेतली. १७६७ मध्ये एक फ्रेंच जहाज ब्राझीलला थांबलं होतं, तिथे कोमरसों नावाच्या वनस्पतीतज्ज्ञाने ती गोळा केली आणि कप्तान बुगेनव्हिलचं नाव तिला मिळालं. त्या कोमरसोंची मदतनीस होती झान बारे. जहाजावर बायकांना मज्जाव, म्हणून ती पुरुषाचे कपडे घालून चढली होती. पृथ्वीप्रदक्षिणा केलेली पहिली स्त्री म्हणून आज तिचं नाव घेतात. मी कपडे शिवणारी बाई. मला पहिल्यांदा तिच्या त्या कपड्यांचाच विचार आला. ते कुणी बेतले असतील, छातीवर किती घट्ट बांधावं लागलं असेल, उकाड्यात, महिनोन्‌महिने. वेलीचं नाव कप्तानाचं आहे. मी मनातल्या मनात आमच्या झाडाला 'बारेबाई' म्हणते, आणि ते इथे पहिल्यांदाच लिहितेय.

आईंचे गुडघे यंदा फारच धरलेत, त्यामुळे गच्चीचा जिना बंद. म्हणून दर रविवारी सकाळी हे आणि मी ताट धरून खाली पडवीत आणतो, तासभर त्यांच्यासमोर ठेवतो आणि ऊन चढायच्या आत परत वर नेतो. त्या आता पाणी घालत नाहीत. पण दिवस मोजतात, माझ्या कॅलेंडरवर नजर ठेवून असतात.

आज रविवार. ताट खाली आणलं तेव्हा पुराच्या खोबणीच्या वरच्या फांदीवर, तिसऱ्या बेचक्यात, मला एक टोकदार हिरवं काहीतरी दिसलं. तांदळाच्या दाण्याहूनही लहान. सुईत दोरा ओवायचा चष्मा लावून बघितलं, तरी सांगता येईना. काटा असेल तर सरळ एकच टोक राहतं. कळीचा दांडा असेल तर टोकाशी जरा जाड होऊन तीन भाग सुटायला लागतात. आईंना काही ते दिसत नाही, मोतीबिंदू आहे. त्यांनी माझा हात धरून बोट तिथवर न्यायला लावलं आणि करंगळीच्या टोकाने चाचपलं.

"टोचत नाही," त्या म्हणाल्या. "कळीच आहे."

कोवळा काटाही पहिले चार-पाच दिवस टोचत नाही. ते मी बोलले नाही. म्हटलं, पुढच्या रविवारी पुन्हा हात लावून बघू, आणि ताट उचलून वर नेलं.